पत्रिकेवरची आत्या

माझ्या ऑफिसात एक लोखंडी कपाट आहे. त्याचा वरचा कप्पा घटस्फोटांचा, मधला पोटगीचा. खालच्या कप्प्यात फायली नाहीत, कापडी पिशव्या आहेत. साड्यांच्या दुकानात मिळतात तसल्या, बंद लावलेल्या. प्रत्येक पिशवी एका घराची. दोन बायकांचं घर, किंवा दोन पुरुषांचं, आणि त्यांचं मूल.

या घरांची अडचण समजायला वकील असावं लागत नाही. कायदा त्यांचं लग्न मानत नाही. दोघांना मिळून मूल दत्तक घेता येत नाही. एकीनं घ्यायचं आणि दोघींनी वाढवायचं. कागदावर आई एकच. ती धडधाकट आहे तोवर कोणी विचारत नाही. ती गेली की दुसरी, जिनं त्या मुलाचे ताप काढले, डबे भरले, दात पडले ते डबीत ठेवले, ती तेराव्याच्या आत परकी होते. हा दिवस येण्याआधी कागद जमवून ठेवायचे, हे माझं काम.

लोकांना वाटतं मी फार पुरोगामी विचारांची आहे. व्याख्यानाला बोलावतात. मी जात नाही, कारण खरं कारण सांगितलं तर त्यांची निराशा होईल. मी या कामात पडले ती एका माणसावरच्या रागानं. तो माणूस अजून रोज कोर्टात येतो. वकिलांच्या बारमध्ये सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून मीही इथे सरच म्हणते.

वकिलीची सनद मिळाली तेव्हा ज्युनिअर म्हणून कामाला लागावं म्हणून मी सरांकडे गेले होते. पेठेतलं ऑफिस, बाहेर चपला काढायच्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आडनाव?"

मी सांगितलं.

"हं," म्हणाले. त्या 'हं'मध्ये सगळं आलं. "राहायला?"

"मांजरी."

"वडील काय करतात?"

"नाहीत. आई भाजी विकते."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. "वा. म्हणजे घासाघीस चांगली येत असेल तुला. इथे त्याचा काही उपयोग नाही गं."

आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर बसून मी कायद्याची पुस्तकं पाठ केली होती. तिथून थेट या खोलीत आले होते. मी चपला घालून बाहेर पडले. घासाघीस मला येत होतीच. आई मांजरीच्या बाजारात पालेभाजी घेऊन बसायची आणि मी तिच्या शेजारी. तिची शिकवण एकच होती. "पयला भाव गिऱ्हाइकानं बोलायचा. आपन गप ऱ्हायचं. गप ऱ्हायलं की त्येच बोलत सुटतंय." आणि चांगली जुडी ती कधी वर ठेवायची नाही. खाली, ओल्या फडक्यात.

सरांचं बोलणं कोर्टात प्रसिद्ध आहे. शिपायालासुद्धा ते 'अहो' म्हणतात, 'आपण' म्हणतात. पट्टेवाल्याला, चहावाल्याला, झाडूवाल्या मावशींना. मला मात्र 'अगं'. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी 'अगं'च. मी हे मोजत आले आहे.

बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ग्रंथपाल बाई आल्या. कोथरूडला राहायच्या. त्यांच्याबरोबर राहणारी बाई विधवा होती, तिला आधीच्या लग्नाचा एक मुलगा. तो दीड वर्षाचा असल्यापासून दोघींनी वाढवलेला. ती आई स्कूटरच्या अपघातात गेली. तिच्या सासू-सासऱ्यांनी, ज्यांनी सहा वर्षांत नातवाला पाहिलं नव्हतं, दहाव्या दिवशी येऊन त्याला नेलं. मी मुलाच्या ताब्यासाठी अर्ज केला. समोर सर उभे राहिले.

अशी केस मी आधी लढले नव्हते. बाईंना मी एवढंच शिकवलं होतं की नम्र राहा, खरं बोला. सरांनी उलटतपासणीत एकच प्रश्न विचारला.

"आपण या मुलाच्या कोण?"

आता आपल्याकडे असं विचारलं की चांगल्या घरातली बाई काय म्हणते? दवाखान्यात, मंगल कार्यालयात, शाळेच्या फाटकाशी कोणी विचारलं, तर ती म्हणते, "तशी कोणी नाही, पण अगदी घरचीच." ही आपली बोलायची पद्धत आहे. आधी स्वतःला लहान करायचं आणि मग खरं सांगायचं. ग्रंथपाल बाईंनीही तेच केलं.

"तशी कोणी नाही, पण..."

"पण नको," सर म्हणाले. "एवढंच लिहून घ्या. 'मी मुलाची कोणी नाही.' धन्यवाद. आपण बसा."

त्या बसल्या नाहीत. त्यांचं वाक्य अर्धं राहिलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. शिपायानं त्यांना खाली उतरवलं. निकालात तेच वाक्य जसंच्या तसं आलं. मुलगा सोलापूरकडे गेला. त्यांनी त्याला त्यानंतर पाहिलेलं नाही.

त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये सर मला म्हणाले, "काय गं, आज घासाघीस नाही केलीस?"

मी तिथेच ठरवलं की हा माणूस माझ्यापुढे एकदा भाव बोलेल आणि मी गप्प राहीन.

तेव्हापासून या पिशव्या. माझ्याकडे असं जोडपं आलं की मी पहिल्या भेटीत कायदा सांगत नाही. सामान मागते. शाळेच्या प्रवेशाच्या अर्जावर दुसरं नाव कोणाचं घातलंत? लसीकरणाच्या कार्डावर सही कोणाची? सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलाचं नाव कोणी नोंदवलं? फोटोंच्या मागे काय लिहिलंय? मृत्युपत्र आणि पालकनेमणूक तर मी करून घेतेच, रजिस्टर करते, डॉक्टरचा दाखला जोडते. पण मृत्युपत्रावर दबावाचा आरोप करता येतो. बारा वर्षांपूर्वीच्या फोटोमागच्या अक्षरावर करता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी दोघी आल्या. एक मूळची लोणी काळभोरची, कॉलेजात गणित शिकवणारी. तिला मी मास्तरीण म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. दुसरी शहरातली, बँकेत नोकरीला. मांजरीत, जिथे मी लहानपणी उसाच्या बांधावरून शाळेत जायचे, तिथे आता उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्यांचा फ्लॅट. मास्तरणीनं एकटी बाई म्हणून मुलगी दत्तक घेतली होती. मुलगी सात वर्षांची. मास्तरणीला पोटाचा कॅन्सर निघाला होता आणि डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती.

मुलगी बरोबर होती. ती मास्तरणीला 'आई' म्हणत होती आणि बँकेतल्या बाईला 'अहो'.

"अहो, मला पाणी."

मी चमकून पाहिलं. मास्तरीण हसायला लागली आणि हसताना पोट धरून वाकली. "माझी चूक आहे मॅडम. मी हिला गंमतीनं अहो म्हणायचे. जेवायला या अहो, गॅस बंद केलात का अहो. पोरगी बोलायला लागली तेव्हा तेच उचललं तिनं. खूप सांगितलं, माई म्हण, मम्मा म्हण. नाही."

"मला चालतं," बँकेतली म्हणाली. "बँकेत मॅनेजरसुद्धा मला अगं म्हणतो. घरी तरी मान आहे."

मला त्या दोघी तिथेच आवडल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी सामान आणलं. मी एकेक कागद लावत होते, तेवढ्यात पिशवीच्या तळातून गुलाबी पत्रिका निघाली. बारशाची. कोपऱ्यात पाळणा आणि मधोमध हळदीचं बोट उमटलेलं.

"ती राहू दे, कचरा आहे," बँकेतली म्हणाली.

"कचरा काय गं," मास्तरीण म्हणाली. "ही दादाची गंमत आहे."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. सोलापूर रोडला त्याचं हार्डवेअरचं दुकान. बहिणीनं एकटीनं मूल आणलं म्हणून तो आधी महिनाभर बोलला नव्हता. मग एके दिवशी दुकानातून फोन करून म्हणाला, बारसं आपल्या घरी करायचं, आणि करायचं तर रीतीनं. रीतीनं म्हणजे बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं. पण आत्या आणायची कुठून? बाप नाही तर बापाची बहीण कुठली? दादानं दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी तो मांजरीला घरी आला तेव्हा बँकेतलीची सख्खी बहीण तिथे होती. त्यानं तिच्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "ह्या व्हतील की आत्या. बरोबरच हाय न्हवं?" तो गेला, बुधवार पेठेतल्या एका छापखान्यात बसला, आणि पत्रिका छापून आणली. त्यावर 'मामा' म्हणून त्याचं नाव, आणि 'आत्या' म्हणून तिचं.

मास्तरीण हे सांगत होती आणि माझं लक्ष तिच्याकडे नव्हतं. मी तो एक शब्द पाहत होते. मला माझी चांगली जुडी मिळाली होती. मी पत्रिका फाइलला लावली नाही. प्लास्टिकमध्ये घालून पिशवीच्या तळाशी परत ठेवली.

जाताना मास्तरीण म्हणाली, "मॅडम, मी गेल्यावर दादा कोर्टात आलाच, तर त्याला फार लागेल असं काही करू नका. तो वाईट नाही. त्याला कोणीतरी भरवतं."

मी "हो" म्हटलं. अशिलाला मी बऱ्याच गोष्टींना हो म्हणते.

ती पावसाळ्यानंतर गेली. मृत्युपत्र होतं, त्यात पालक म्हणून बँकेतलीची नेमणूक होती, सगळं रजिस्टर केलेलं. सव्वा महिन्यानं दादाचा अर्ज आला. मुलीचा पालक म्हणून मला नेमा, घरचं लेकरू परक्या बाईकडे राहू नये, मृत्युपत्र आजारात दबावाखाली करून घेतलेलं आहे. मी अर्ज वाचत आठव्या परिच्छेदाशी थांबले.

'सामनेवाली ही मयत आईच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून राहत होती. ती सदर मुलीची कोणीही लागत नाही.'

खाली वकिलाची सही पाहायची गरज नव्हती. ही भाषा मी ओळखत होते.

बँकेतली माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, ती मला विचारते, अहो, मी लोणीला गेले तर तू पण येणार ना? मी काय सांगू?"

"सांग, कोणी कुठे जाणार नाही."

"हे तुम्ही खात्रीनं सांगताय?"

"मी रागानं सांगतेय," मी म्हटलं. "त्याचा भरवसा जास्त आहे."

तपासणीच्या दिवशी मी ग्रंथपाल बाईंना फोन केला. बारा वर्षांत आम्ही दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे बोललो नव्हतो. म्हटलं, कोर्टात या. आत बसू देणार नाहीत, बाहेर बाकावर बसा. त्यांनी कारण विचारलं नाही. अर्धा दिवस रजा टाकून आल्या. डबा आणि पाण्याची बाटली घेऊन कॉरिडॉरच्या बाकावर बसल्या.

आत आधी दादाची साक्ष. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हात पुढे बांधलेले. बहीण गेल्याचं दुःख त्याच्या चेहऱ्यावर खरं होतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. मला ते नको होतं.

"मुलीचं बारसं कुठं झालं?" मी विचारलं.

"आमच्या घरी. लोणीला."

"साधंच?"

"साधं कशानं? निम्मं गाव जेवलं."

"पत्रिका छापल्या होत्या?"

"मग. मीच छापल्या. बुधवारात जाऊन."

"मजकूर कोणी सांगितला?"

"मीच की. छापनारा इचारत गेला, मी सांगत गेलो."

सर उठले. "पत्रिकेच्या मजकुराचा पालकत्वाशी काय संबंध आहे, हे कळेल का?"

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "कळेल असं वाटतंय. विचारा पुढे."

मी पिशवीच्या तळातून पत्रिका काढली, एक प्रत सरांपुढे ठेवली आणि मूळ दादाच्या हातात दिली. तो ती पाहून हसला. कोर्टात उभा आहे हे विसरून हसला. अंगठा हळदीच्या डागावरून फिरवत म्हणाला, "ही ठिवली व्हय तिनं?"

"यावर 'मामा' म्हणून कोणाचं नाव आहे?"

"माझं."

"आणि 'आत्या' म्हणून?"

त्यानं नाव वाचलं.

"या बाई कोणाची बहीण?"

"ह्यांची."

"ह्यांची म्हणजे? नीट सांगा, लिहून घेतायत."

त्यानं बँकेतलीकडे हात केला. "समोर बसल्यात त्यांची. सख्खी."

"लोणीत आत्या कोणाला म्हणतात?"

"बापाच्या बहिणीला. समद्या जगात त्येच म्हणत्यात."

"मग तुम्ही छापलेल्या या पत्रिकेप्रमाणे, या मुलीला बापाच्या जागी कोण?"

सर ताडकन उठले. "माझी हरकत आहे! हा तर्क आहे, पुरावा नाही!"

"साक्षीदाराला बोलू द्या," न्यायाधीश म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

दादानं सरांकडे पाहिलं, मग बँकेतलीकडे. मी गप्प राहिले. आईसारखी गप्प. टंकलेखक बोटं वर धरून बसला होता.

"त्याच की," दादा म्हणाला. "दुसरं कोन व्हतं तिला?"

इथे थांबायला हवं होतं. केस जिंकली होती. पण मी बारा वर्षं तेवढ्यासाठी घालवली नव्हती.

"मग तुमच्या अर्जात आठव्या परिच्छेदात 'कोणीही लागत नाही' असं लिहिलंय, ते खोटं?"

"त्ये मी न्हाय लिहिलं," दादा म्हणाला. "त्ये सरांनी लिहिलं. मी म्हनलो व्हतो, असं नका लिहू, तिला वाईट वाटंल."

टंकलेखकानं तेही लिहून घेतलं. टकटक टकटक. इतका गोड आवाज मी आयुष्यात थोड्या वेळा ऐकला आहे.

दादा खाली उतरताना न्यायाधीशांना म्हणाला, "ही मला मिळंल का? माझ्याकडं एक पन न्हाय उरली." त्यांनी सांगितलं की आता ती पुराव्यात गेली. त्यानं मान हलवली आणि पत्रिका टेबलावर अशी ठेवली की जणू ओली आहे.

बाहेर येऊन मी बँकेतलीचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"तुम्ही त्याचं काय केलंत बघितलंत का?"

"तुम्हाला जिंकवलं."

"आयुष्यात त्यानं आमच्यासाठी एकच गोष्ट केली होती मॅडम, मनापासून. तुम्ही तीच त्याच्या डोक्यात घातलीत."

"त्यानं मुलगी मागितली होती तुमची!"

"त्याला भरवलं होतं. ती सांगून गेली होती तुम्हाला. मला निकाल नको आता. तडजोड करा. त्याला मुलगी भेटू दे. पोरगी रोज विचारते मामा का येत नाही."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, निकाल घ्यायचाच, लेखी, त्या माणसाच्या अर्जावर ताशेरे असलेला. मी म्हटलं, तुम्हाला कळत नाही, फाइल घेऊन जा, दुसरा वकील बघा. कॉरिडॉरमध्ये लोक वळून पाहायला लागले.

ती म्हणाली, "निकाल माझ्यासाठी हवाय की तुमच्यासाठी?"

उत्तर तिला माहीत होतं. मी नळावर जाऊन तोंड धुतलं. बाकावर ग्रंथपाल बाई डब्यातली पोळी खात होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "मुलगी राहील ना तिच्याकडे?" मी मान हलवली. "मग बाकीचं काय एवढं?" त्या म्हणाल्या, आणि मला त्यांचाही राग आला.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, वकीलबाई. जरा दोन मिनिटं देता का?"

मी वळले नाही. पुन्हा ऐकावं म्हणून वळले नाही.

"अहो."

सर होते. हातात फाइल, कपाळाला घाम. खिडकीपाशी आम्ही उभे राहिलो. ते बोलायला लागले आणि मी गप्प राहिले. म्हणाले, पालक म्हणून तिची नेमणूक आमच्या माणसाला मान्य. मी गप्प. मृत्युपत्राला हरकत नाही. मी गप्प. अपील करणार नाही. मी खिडकीतून पार्किंगकडे पाहत राहिले. बरं, तो आठवा परिच्छेद मागे घेतो. मामानं महिन्यातून दोन रविवार भेटावं, तेही आपल्या सोयीनं. आणि आज झालेली साक्ष निकालपत्रात येऊ नये, एवढीच विनंती आहे.

"बोला की काहीतरी," सर म्हणाले. "अजून काय हवं?"

"रविवार चार दिले," मी म्हटलं. "भाऊबीजही दिली. पाडव्याला मुलगी लोणीला जेवायला जाईल." माझ्या अशिलाला हेच हवं होतं, आणि मला ते फुकट द्यायचं नव्हतं. "बदल्यात एक वाक्य."

"कोणतं?"

मी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं. 'सामनेवाली, जिला मुलगी अहो म्हणते, ही मुलगी घरी आली त्या दिवसापासून तिची दुसरी आई आहे, हे अर्जदारास माहीत होते व आहे.'

सरांनी चष्मा वर केला. "दुसरी आई? हे कायद्यात बसत नाही. 'पालक' लिहा."

"कायद्यात बसतं असं मी कुठे लिहिलंय? तुमच्या अशिलाला माहीत होतं, एवढंच लिहिलंय. ते त्यानं शपथेवर सांगितलंय."

"'आईसमान' करा."

"नाही."

"'मातृवत'?"

"सर, एक शब्दही कमी होणार नाही. नाहीतर निकाल होऊ द्या. साक्ष सगळी येईल त्यात. कोणी काय लिहिलं तेसुद्धा."

त्यांनी खिशातून पेन काढलं. "अवतरणचिन्हं घालू का 'अहो'ला?"

"घाला. आणि वाचून तुम्ही दाखवायचं. मी नाही."

दुपारच्या सत्रात तडजोडीच्या अटी सादर झाल्या. न्यायाधीश बाई म्हणाल्या, अर्जदाराच्या वकिलांनी वाचून दाखवाव्या, म्हणजे दोन्ही पक्षांना समजतील. सर उभे राहिले. पहिल्या चार अटी त्यांनी नेहमीच्या आवाजात वाचल्या. पाचवीला थांबले, पाणी प्यायले. "सामनेवाली, जिला मुलगी... अहो म्हणते..." वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला. न्यायाधीश म्हणाल्या, "जरा मोठ्यानं. ऐकू आलं नाही." त्यांनी पुन्हा वाचलं. पूर्ण. 'आई'पर्यंत. माझ्या मनात ग्रंथपाल बाईंचं ते अर्धं वाक्य होतं. 'पण नको' असं या वेळी कोणी म्हणालं नाही.

न्यायाधीशांनी दादाला विचारलं, समजलं का, मान्य आहे का. तो म्हणाला, "मला आधीपासनं मान्य हाय. मी छापलंच व्हतं."

आदेश झाला. मुलगी घरी राहिली. सूड पूर्ण झाला का, असं कोणी विचारलं तर मी सांगेन, नाही. सोलापूरकडचा तो मुलगा आता मोठा झाला असेल आणि त्याला बहुतेक काही आठवत नसेल. त्याबद्दल मी सरांना माफ केलेलं नाही, आणि करण्याचा विचारही नाही.

आम्ही बाहेर आलो. कॉरिडॉरमध्ये गर्दी होती. सरांना बसायचं होतं. बाकावर ग्रंथपाल बाई, शेजारी त्यांचा डबा, बाटली, पर्स. सर त्यांच्यापुढे उभे राहिले आणि आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात म्हणाले, "अहो, आपण जरा सरकता का?"

त्यांनी बाईंना ओळखलं नव्हतं. त्यांना काहीही आठवत नव्हतं.

बाईंनी वर पाहिलं. "नाही," म्हणाल्या. शांतपणे, पूर्ण वाक्यासारखं. आणि डब्याचं झाकण लावत बसल्या.

सर उभेच राहिले. जिन्याशी बँकेतलीची बहीण, म्हणजे पत्रिकेवरची आत्या, मुलीला शाळेतून घेऊन आली होती. मुलीनं गर्दीत आपलं माणूस पाहिलं आणि जिन्यावरूनच ओरडली,

"अहोऽऽ!"

अर्ध्या कॉरिडॉरनं वळून पाहिलं. नवरे, वकील, एक पोलीस. सरही वळले, चष्मा सावरत, चेहऱ्यावर ते नेहमीचं अदबीचं हसू आणून. मुलगी त्यांच्या कोटाला घासून पुढे पळाली आणि बँकेतलीच्या कमरेला जाऊन चिकटली.

"तुम्हाला नाही हाक मारली," मी सरांना म्हटलं.